लिहायला बिचकणाऱ्यांसाठी छोटे लेखन-व्यायाम: काय चालतं, कुठं अडतं

गोदाकाठ (परभणी)

तालुक्याच्या वाचनालयात, बचत गटाच्या बैठकीत, कॉलेजात अशी माणसं हमखास भेटतात: वाचन दांडगं, बोलायला लागली की ऐकत राहावं, आणि कागद पुढं केला की हात मागं. त्यांना 'कथा लिहा' म्हणून उपयोग नाही आणि व्याख्यान देऊन तर नाहीच. हात चालू होतो तो छोट्या, बांधून दिलेल्या कामानं. असे व्यायाम या धाग्यात गोळा करू. नुसतं नाव नको. वेळ किती, कागदावर नेमकं काय करायचं, कुठं फसतं आणि का, तेही लिहा.

माझ्या मते सुरुवात यादीपासून करावी. यादी लिहिणं म्हणजे साहित्य लिहिणं असं कुणालाच वाटत नाही, म्हणून तिला कुणी घाबरत नाही. विषय द्यायचा तो ठिकाणाचा आणि एका इंद्रियाचा. 'मोंढा', म्हणजे धान्याचा बाजार, एवढाच विषय दिला तर निबंध येतो. 'मोंढ्यातले आवाज' दिला की कान कामाला लागतात: पोत्यात हूक शिरतो तो आवाज, बारदाना झटकल्याचा फट्, लिलाव पुकारणाऱ्याचा बसलेला घसा, चहाच्या ग्लासांची जाळी, 'बाजूला सरका' म्हणणारा हमाल.

वेळ ७ मिनिटं, नोंदी किमान १५. हा आकडा महत्त्वाचा आहे. पहिल्या पाच-सहा नोंदी सगळ्यांच्या सारख्याच असतात, कारण त्या आठवणीतून नव्हे तर सवयीतून येतात. आठवी-नववी नोंद लिहिताना माणूस थांबतो, पेन चावतो, आणि तिथून पुढं त्याचं स्वतःचं काहीतरी यायला लागतं. पाचच नोंदी मागितल्या तर ती जागा येतच नाही. उलट १५ मिनिटं दिली तर लोक मागं जाऊन खाडाखोड करतात.

यादी झाली की एकाच नोंदीखाली रेघ मारायची आणि तिच्यावर तीन वाक्यं लिहायची, त्याला ५ मिनिटं. कोणती नोंद निवडायची? जी लिहिताना 'हे काय लिहायचं' असं वाटलं, ती.


बालाघाट (बीड)

यादीला अनुमोदन. माझ्याकडून नुसत्या संवादाचा व्यायाम.

दोन माणसं, एक ठिकाण, दहा ओळी. एकाला दुसऱ्याकडून काहीतरी हवं आहे, पण त्या गोष्टीचं नाव दहाही ओळींत यायचं नाही. 'तो रागानं म्हणाला', 'ती लाजून म्हणाली' असलं काही नाही, फक्त बोलणं. वेळ १० मिनिटं. नमुना देतो. ठिकाण कृषी सेवा केंद्र, मृग नुकताच बरसलाय, आणि न उच्चारायचा शब्द 'उधार':

– राम राम शेठ. पाऊस बरा झाला म्हणायचा.
– झाला की. किती बॅगा काढू?
– वर तुमच्या गावाकडं झाला का?
– तिकडंबी झाला. दोन काढू का तीन?
– मागल्या साली दिलेलं बियाणं चांगलं उगवलं होतं बघा.
– मागल्या सालचं वहीत हाय अजून.
– ते कुठं पळून चाललंय.
– पळत नाही, पण वाढत तर हाय.
– सोयाबीन निघालं की पहिला काटा तुमच्याकडं.
– ...दोन काढ रे पोरा. तिसरी राहू दे.

नाव घ्यायला बंदी केली की माणूस आडून बोलायला लागतो. खऱ्या आयुष्यात आपण सगळे तसंच बोलतो, म्हणून नवख्यालाही हे जमतं. गावाकडच्या माणसाचा कान संवादाला तयार असतोच. ओसरीवर ऐकलेलं बोलणं त्याला जसंच्या तसं सांगता येतं, फक्त ते लिहिण्याजोगं असतं हे कुणी त्याला सांगितलेलं नसतं.

दोन ठिकाणी फसतं. एक, दोन्ही माणसं एकाच आवाजात बोलतात. उपाय: संवादाच्या आधी दोघांसाठी एकेक ओळ लिहून घ्या, त्याला घाई आहे की सवड, आणि याआधी दोघांत काय घडलंय. दुसरं, सातव्या ओळीपासून भाषण सुरू होतं: 'शेतकऱ्याला कुणीच वाली नाही...' तिथं ओळीला शब्दमर्यादा घाला. एका ओळीत आठ शब्दांपेक्षा जास्त नकोत. आठ शब्दांत भाषण बसत नाही.


मांजराकाठ (लातूर)

मुद्द्याचा प्रश्न विचारू लालोय. इकडं लोक अडतात ते भाषेवर. 'आमची भाषा पुस्तकातली नाही' म्हणतात. 'काय करू लालाव' असं लिहायचं की 'काय करत आहेस'? मास्तरच्या हाती वही गेली की आधी ऱ्हस्व-दीर्घाला लाल शाई, अन् ते माणूस पुन्हा वही घेऊन येत नाही.


दिवेलागण (नांदेड)

मांजराकाठ, याचं उत्तर साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांतच आहे. पात्राच्या तोंडची बोली उच्चाराप्रमाणे लिहावी, असं ते नियम सांगतात. म्हणजे संवादात 'करू लालाव' ही चूक नाहीच. निवेदनासाठी लिहिणाऱ्यानं एकदा ठरवावं आणि तेवढ्या मजकुरापुरतं पाळावं. वरच्या ओळीत 'गेलं' आणि खालच्या ओळीत 'गेले' असं झालं की वाचताना अडखळायला होतं.

बोली लिहिताना तीन गोष्टी सांभाळा.

बोलीतला शब्द अवतरणात टाकू नका आणि कंसात अर्थ देऊ नका. 'दस्ती' लिहिलं तर दस्तीच. दस्तीनं घाम पुसला म्हटल्यावर कुणालाही कळतं.

आपल्याच तालुक्याचं रूप लिहा. मराठवाडा एक असला तरी क्रियापदाची रूपं प्रत्येक जिल्ह्यात निराळी आहेत. लातूरचं 'करू लालाय' आणि परभणीचं 'करायलाय' एकाच माणसाच्या तोंडी घातलं की ऐकणाऱ्याला ते लगेच खोटं वाटतं.

प्रत्येक शब्द वाकवू नका. क्रियापदं आणि दोनचार खास शब्द बोलीत असले की सूर लागतो. सगळंच उच्चाराप्रमाणे लिहिलं तर गावचा माणूससुद्धा अडखळतो.

शुद्धलेखन शिकवायचं की नाही? शिकवायचं, पण ते तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, आणि ज्याला मजकूर छापायला द्यायचाय त्याला. पहिल्या बैठकीत लाल शाईचं पेन खोलीतच नको.


उतरंड (अंबाजोगाई)

बायकांच्या गटांसाठी ओवीचा साचा फार उपयोगाचा आहे. तिथं लिहिता येतं की नाही हाच प्रश्न अनेकींसमोर असतो, आणि ओवी मात्र सगळ्यांच्या कानात असते. इथून जवळच्या गंगाखेडची जनाबाई सगळ्यांना ठाऊक आहे. जातं घरातून गेलं असलं तरी ओवीची चाल गेलेली नाही.

पाच ओव्या करायच्या. प्रत्येकीची सुरुवात 'पहिली माझी ओवी', 'दुसरी माझी ओवी' अशी. अक्षरं मोजायची नाहीत, चालीत बसलं म्हणजे झालं. अट एकच: ओवी देवाला किंवा भावाला वाहायची नाही, घरातल्या किंवा शेतातल्या वस्तूला वाहायची. देव आणि भाऊ आले की आधीच पाठ असलेल्या ओव्या येतात, त्यात गाणारीचं स्वतःचं काही उरत नाही. वस्तू आली की असं येतं:

दुसरी माझी ओवी बोअरच्या मोटारीला,
लाईट आली रात्री दोनला, जाग आली म्हातारीला.

लिहिता न येणारी असेल तर जोडी लावायची. एक सांगेल, दुसरी लिहील. लिहिणारीनं एकही शब्द बदलायचा नाही, हे आधी सगळ्यांसमोर बजावावं लागतं. शिकलेल्या मुली नकळत 'लाईट'चं 'वीज' करतात आणि 'म्हातारी'ची 'आजी' करतात. मग कागद वाचून दाखवला की सांगणारी म्हणते, 'हे मी नव्हतं म्हणलं.' तिथंच तिचा विश्वास उडतो. लिहून झाल्यावर कागदावर नाव सांगणारीचं घालायचं, लिहिणारीचं नाही.

गटाच्या बैठकीत आधी हिशोब, हप्ते, सह्या होऊ द्या आणि मग हा व्यायाम घ्या. पैशाचं बोलणं बाकी असलं की कुणाचं मन लागत नाही.


वेरूळवाट (छत्रपती संभाजीनगर)

उतरंड ताई, ओवीनंतर अभंगाचा साचा द्या. तो मोजून देता येतो आणि त्याचा फायदा वेगळा आहे. मोठ्या अभंगात चार चरण असतात: ६, ६, ६ आणि ४ अक्षरं. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं, चौथा मोकळा. मोजताना जोडाक्षर एकच धरायचं, अनुस्वाराला वेगळं अक्षर मोजायचं नाही. उदाहरण म्हणून हे घ्या:

पहाटे टँकर / वेशीत थांबला / पाइप लांबला / विहिरीत

बोटांवर मोजून बघा: प-हा-टे-टँ-क-र सहा, वे-शी-त-थां-ब-ला सहा, पा-इ-प-लां-ब-ला सहा, वि-हि-री-त चार. विषय देवाचा असायलाच हवा असं नाही. २२ अक्षरांत डोळ्यांसमोरचं एक दृश्य बसवायचं, एवढंच काम. १० मिनिटांत एक कडवं होतं.

फसतं कुठं, तर अक्षर कमी पडलं की 'हो', 'रे', 'ते', 'की' भरतात. आणि यमकासाठी शब्द ओढून आणतात. 'धावली घागर'ला जोड म्हणून 'उरला सागर' येतो. टँकरच्या रांगेत सागराचं काय काम? अशा वेळी तिसरा चरण दुरुस्त करत बसू नका, दुसराच बदला. यमकाचा शब्द शोधायचा तो त्याच दृश्यातून: विहीर, दोर, हंडा, पाइप, चिखल, रांग. आधी अशा दहा शब्दांची यादी करून ठेवली तर ओढाताण होत नाही. गोदाकाठनी सांगितलेली यादी इथं कामाला येते.


कडबा (धाराशिव)

इथं माझा थोडा विरोध नोंदवतो. नवख्या माणसाला पहिले दोन महिने यमक देऊच नये असं मला वाटतं. मोबाइलवर दिवसभर चारोळ्या फिरतात. त्यामुळं यमक म्हटलं की 'आठवण-साठवण', 'मन-क्षण' आपोआप बाहेर येतं, आणि लिहिणाऱ्याला वाटतं कविता झाली. ती सवय मोडायला मग फार वेळ जातो.


वेरूळवाट (छत्रपती संभाजीनगर)

चारोळीबद्दल तुमचं म्हणणं पटतं. पण अभंगात यमक मध्ये असतं, शेवटी नसतं. चारोळीत चौथी ओळ यमकाला बांधलेली, म्हणून सगळा अर्थ त्या शब्दाकडं ओढला जातो आणि शेवटी टाळीचं वाक्य येतं. अभंगाचा चौथा चरण चार अक्षरांचा आणि मोकळा. तिथं टाळी घ्यायला जागाच नाही. शिवाय मोजणीत डोकं गुंतलं की 'मला येईल का' ही धास्ती मागं पडते. बिचकणाऱ्याला त्या मोजणीचाच खरा आधार असतो.

तरीही यमक नकोच असेल तर दोन वाक्यांचा व्यायाम घ्या. आपल्या पैठणशी, म्हणजे जुन्या प्रतिष्ठानशी, आणि सातवाहनांच्या काळाशी जोडलेला गाथांचा मोठा संग्रह आहे, 'गाथासप्तशती'. हाल राजाच्या नावावरचा, सुमारे ७०० गाथांचा, माहाराष्ट्री प्राकृतातला. प्रत्येक गाथा दोन ओळींची. त्यातल्या कितीतरी गाथांमध्ये शेतं, नदी, गाव, घरातली माणसं आहेत, आणि भावनेचं नाव न घेता एक हालचाल टिपलेली आहे. भाषा संस्कृत नव्हे, प्राकृत. ज्यांना आपली बोली कमअस्सल वाटते त्यांना हे आवर्जून सांगावं.

नियम: दोन वाक्यं, दोन माणसं, एक हालचाल. दुःख, आनंद, प्रेम, राग, आठवण हे शब्द वर्ज्य.

एसटी हलली तशी सुनेनं खिडकीतून डबा परत दिला. सासूनं तो उघडून न बघताच पदराखाली घेतला.

लिहिणाऱ्याला पुढं काय झालं ते सांगायचा मोह होतो. तिसरं वाक्य लिहूच द्यायचं नाही.


कडबा (धाराशिव)

हा व्यायाम पटला. अभंगाचंही म्हणणं रास्त आहे, यादीचा आधार असेल तर देऊन बघण्याजोगं आहे.

आता मला सगळ्यांत मोठी वाटणारी अडचण सांगतो: शाळेतला निबंध. दहावीपर्यंत आपण सगळ्यांनी एकाच साच्यात लिहिलंय. सुरुवातीला सुविचार, मध्ये 'निसर्गरम्य', 'विलोभनीय', 'आल्हाददायक', आणि शेवटी 'म्हणूनच म्हणतात...'. त्यात आत्मवृत्तं: 'मी फाटके पुस्तक बोलतोय'. म्हणून नवख्याला 'झाडाच्या तोंडून लिहा', 'नदीचं मनोगत लिहा' असले विषय देऊ नका. हात लगेच निबंधाच्या वळणावर जातो.

दुसऱ्याच्या तोंडून लिहायचंच असेल तर माणूस द्या, आणि त्याचा धंदा द्या. संत एकनाथांच्या भारुडांत हेच आहे, बोलणारा कधी वासुदेव असतो, कधी जोशी. बुजऱ्या माणसाला असा मुखवटा फार सोयीचा पडतो, कारण चूक झाली तरी ती त्या पात्राची. आजची पात्रं घ्या: एसटीचा वाहक, आडत्याचा मुनीम, जारचं पाणी पोचवणारा पोरगा, मोबाइल रिपेअरवाला, ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम. १० मिनिटं, शंभर शब्द, त्या माणसाच्या कामातली निदान तीन अवजारं किंवा कागद नावानिशी यायला हवेत. मुनीम म्हटलं की हिशेबपट्टी, तोलाई, हमाली आलीच पाहिजे. ती आली की 'निसर्गरम्य' आपोआप पळतं.

निबंधाची सवय काढायला दुसरा उपाय म्हणजे कात्री. पहिल्या मसुद्यातली सुरुवातीची दोन वाक्यं आणि शेवटचं एक वाक्य डोळे मिटून काढून टाका. उरलेलं वाचा. दहांत आठ वेळा मजकूर सुधारलेला असतो, कारण पहिली वाक्यं लिहिणाऱ्यानं स्वतःला धीर द्यायला लिहिलेली असतात आणि शेवटचं गुरुजींना बरं वाटावं म्हणून.

त्यानंतर १५० शब्दांचं १०० करा, आणि दुसऱ्या दिवशी १०० चं ६०. काढायचा क्रम असा: आधी 'खूप', 'अतिशय', 'फार', मग जोडीनं आलेली विशेषणं, मग आधीच्या वाक्यानं सांगितलेलंच पुन्हा सांगणारं वाक्य. नामं आणि क्रियापदं शेवटपर्यंत हलवू नका. वहीच्या एका ओळीत साधारण आठ शब्द बसतात, म्हणजे १५० शब्द म्हणजे १८-२० ओळी. शब्द एकेक करून मोजत बसायची गरज नाही.


नवखी लेखणी (जालना)

सगळं वाचतेय, वहीत उतरवून घेतेय. दोन प्रश्न आहेत. गट नसेल, एकटीनंच करायचं असेल तर कसं? आणि वही सापडली तर घरचे वाचतील ही भीती असते, त्यावर काही?


गोदाकाठ (परभणी)

ताई, एकट्यानं करायला आठवड्याचे तीन दिवस ठरवा. रोजचं नेम धरू नका. रोजचं ठरवलं की दोन दिवस हुकल्यावर वहीच बंद पडते. सोमवारी यादी, बुधवारी त्याच यादीतल्या एका नोंदीवर शंभर शब्द, शनिवारी ते ६० वर आणायचं. असा एकच विषय आठवडाभर चालतो आणि रोज 'काय लिहू' हा प्रश्न राहत नाही. वेळ कामाला जोडून घ्या: कुकर लावल्यावर, गाडीची वाट बघताना. कुकरच्या तीन शिट्ट्या म्हणजे चांगला व्यायाम होतो.

वहीबद्दल: १०० पानी साधी वही, वर 'हिशोब' लिहा, पहिली चार पानं खरोखर हिशोबाची ठेवा. फार लपवायचं असेल तर सुटे कागद वापरा आणि लिहून झाल्यावर फाडून टाका. फाडलेलं वाया जात नाही, हात चालला तो चाललाच. सुरुवातीच्या महिन्यात जपून ठेवण्यापेक्षा निर्धास्तपणे लिहिणं महत्त्वाचं.


दिवेलागण (नांदेड)

मोबाइलवर लिहिणाऱ्यांसाठी जोड. जीबोर्डवर, म्हणजे गूगलच्या कीबोर्डवर, मराठी बोलून टंकता येतं, आणि ज्यांचा हात चालत नाही त्यांना ते सोपं वाटतं. पण तो बोली ओळखत नाही. 'करू लालाय' म्हटलं की जवळचा प्रमाण शब्द टाकतो, विरामचिन्हं गाळतो, आणि मग दुरुस्तीतच जीव जातो. त्यापेक्षा रेकॉर्डर लावा, दोन मिनिटं बोला. दोन मिनिटांत दोनशेच्या आसपास शब्द होतात. मग ऐका आणि सगळं न उतरवता ऐकताना कान टवकारले ती चार-पाच वाक्यं तेवढी हातानं लिहा. बोलण्यातला ओघ टिकतो आणि फापटपसाराही गळतो.


बालाघाट (बीड)

गट चालवणाऱ्यांसाठी एक जड विषय मांडतो, कारण आपल्या भागात तो टाळता येत नाही. दुष्काळ, कर्ज, आत्महत्या, ऊसतोड. नवखे लिहिणारे थेट याच विषयांना हात घालतात. अडवू नका, ते त्यांच्या घरातलं आहे. पण 'दुष्काळ' या नावाखाली लिहिलं की वर्तमानपत्राची भाषा येते: बळीराजा, फाशीचा दोर, भेगाळलेली भुई. त्यांना लहान मापाचं काम द्या. एक वस्तू, एक वेळ, एक माणूस. सातबारा ठेवलेली पिशवी, दिवस मावळताना, घरातली थोरली मुलगी. बाकी काही सांगायचं नाही. घराला कुलूप लावून ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघतानाचा पहिला तास. मागं राहिलेल्या म्हाताऱ्याकडं दिलेल्या वस्तूंची यादी. एवढं माप दिलं की मजकूर खरा होतो.

पथ्यं आहेत, ती कडक पाळा. खऱ्या घटनेवर लिहिताना गाव, नातं आणि धंदा या तिन्हींतलं किमान दोन बदला. गावात कुणाचं घर ते लगेच ओळखू येतं आणि त्या घरातली माणसं अजून तिथंच राहतात. वाचून झाल्यावर 'हे खरं आहे का?' असं कुणीही विचारायचं नाही. वाचणाऱ्याला रडू आलं तर थांबा, पाणी द्या, आणि त्या मजकुरावर त्या दिवशी शब्द-वाक्याची चर्चा करू नका. बैठक संपल्यावर एकानं त्याच्याबरोबर घरापर्यंत चालत जावं.


उतरंड (अंबाजोगाई)

बालाघाट भाऊ, हे लिहिलंत ते बरं केलंत. बायकांच्या गटात शेवटचं पथ्य तर हवंच.

दिवेलागण, प्रतिसाद कसा द्यायचा त्यावर लिहा ना. आमच्याकडं सगळ्या 'छान, छान' म्हणतात आणि पुढं काहीच होत नाही.


दिवेलागण (नांदेड)

'छान' हा शब्द गटात बंद करा. त्यानं दुखावत नाही कुणी, पण वाचणारीला काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी ऐकणाऱ्यांना दोनच प्रश्न द्या. कोणती ओळ डोक्यात राहिली? आणि कुठं चित्र दिसलं नाही? पहिल्याचं उत्तर देताना ती ओळ तोंडानं परत म्हणून दाखवायची. आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं ही नवख्याला मिळणारी सगळ्यांत मोठी दाद आहे. दुसरा प्रश्न तिसऱ्या बैठकीपासून घ्या, आधी नको. वाचणाऱ्यानं खुलासा करायचा नाही, नुसतं ऐकून लिहून घ्यायचं. एका माणसाला दोन मिनिटं.

९० मिनिटांच्या बैठकीची मांडणी अशी ठेवा: नियम सांगायला ५, यादी ७, निवडलेल्या नोंदीवर तीन वाक्यं ८, प्रत्येकानं फक्त एक ओळ वाचणं १५, संवाद किंवा अभंग १०, वाचन आणि प्रतिसाद २५, चहा १०, पुन्हा लिहिणं १०. माणसं ८ ते १२. त्याहून जास्त झाली तर दोन गट करा. पहिल्या फेरीत सगळा मजकूर नको, एकच ओळ वाचायला लावा. एका ओळीला कुणी नाही म्हणत नाही.

पहिली फेरी बसल्या क्रमानं घ्या. 'कोण वाचतंय?' विचारलं की सराईत हात वर करतो, झकास वाचतो, आणि बाकीचे दहा वह्या मिटतात. 'पास' म्हणायची मुभा ठेवा, पण पुढच्या फेरीत त्यांना पुन्हा विचारा. बुजरी माणसं बऱ्याचदा दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत असतात. वेळ संपताना मोबाइलचा गजर वाजवू नका, त्यानं परीक्षेची घंटा आठवते. 'एक मिनिट उरलंय, चालू वाक्य पूर्ण करा' एवढं तोंडानं सांगा.

आणि विनंती: उद्घाटन, सत्कार, हार-तुरे, अध्यक्षीय समारोप यातलं काही ठेवू नका. त्यात तास जातो, आणि त्याहून वाईट म्हणजे व्यासपीठावर कुणीतरी मोठं बसलंय म्हटल्यावर खाली बसलेल्याचं पेन चालत नाही. सतरंजीवर गोल बसा, चालवणाऱ्यानंही तेच व्यायाम सगळ्यांबरोबर लिहावेत आणि आपली ओळ मधल्या क्रमानं वाचावी.


मांजराकाठ (लातूर)

वेळा अमावस्या जवळ आली की इकडं सगळं गाव शेतात असतं. त्यावर काही व्यायाम करता येईल का? नुसतं 'वेळा अमावस्येचं वर्णन' दिलं तर पुन्हा निबंधच येईल.


कडबा (धाराशिव)

येईल. म्हणून तुकडे करून वाटा. एकाला फक्त कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, बांधताना हाताला लागणारं सगळं. एकाला आंबिलाच्या मडक्याचा वास आणि गारवा. एकाला भज्जी, म्हणजे सणाची मिसळ भाजी, रांधायच्या आदल्या रात्री स्वयंपाकघरात चाललेलं बोलणं, नुसता संवाद. एकाला शेत नसलेल्या घरातल्या माणसाची ती दुपार. प्रत्येकी ६० शब्द, सणाचं नाव कुणीच घ्यायचं नाही. शेवटचा तुकडा सगळ्यांत चांगल्या लिहिणाऱ्याला न देता सगळ्यांत कमी बोलणाऱ्याला द्या.

शेतातच करायचं असेल तर वह्या नेऊ नका. खिशात मावेल असा एकेक पोस्टकार्डाएवढा कागद आणि पेन्सिल द्या. कागद लहान असला की भरून काढायचं दडपण राहत नाही. जेवणानंतर, लोक पांगायच्या आधी २० मिनिटं. संध्याकाळी घरी लिहू म्हणाल तर कुणी लिहिणार नाही.


नवखी लेखणी (जालना)

शेवटचं एक. एवढं केल्यावर कुठं पाठवायचं, आणि कधी?


वेरूळवाट (छत्रपती संभाजीनगर)

ताई, दहा-बारा तुकडे ६० शब्दांवर आणून झाले, आणि महिनाभर बाजूला ठेवून पुन्हा वाचल्यावर त्यातले तीन तरी स्वतःला पुन्हा वाचावेसे वाटले, की पाठवा. आधी स्थानिक दैनिकांच्या पुरवण्या आणि आकाशवाणीची केंद्रं बघा. छोट्या मजकुराला तिथं जागा असते, आणि आकाशवाणीसाठी लिहायचं तर मोठ्यानं वाचून बघणं भागच पडतं, त्यानं वाक्यं सुधारतात. दिवाळी अंकांसाठी मजकूर पावसाळ्यातच पोचवावा लागतो, गणपतीनंतर पाठवलेलं सहसा पुढच्या वर्षावर जातं. मराठवाडा साहित्य परिषदेचं 'प्रतिष्ठान' हे नियतकालिक आहे, पण ते पाठवण्याआधी दोन-तीन अंक वाचून आपला मजकूर त्यात बसतो का ते बघावं.

पाठवताना युनिकोडमध्ये टंकून, सोबत दोन ओळींचं पत्र, पूर्ण नाव आणि शब्दसंख्या. एका वेळी एकाच ठिकाणी. आपल्याकडं प्रत ठेवा. उत्तर आलं नाही तर दोन महिने थांबून एकदा विचारा, मग दुसरीकडं पाठवा. आणि पाठवलेल्या दिवशीच नवी यादी सुरू करा, म्हणजे वाट बघण्यात हात बंद पडत नाही.


नवखी लेखणी (जालना)

कळलं. आज रात्री 'बसस्टँडवरचे वास' घेते. १५ नोंदी.


गोदाकाठ (परभणी)

घ्या. नवव्या नोंदीपाशी अडलात तर उठू नका, तिथंच बसा. रेघ मारलेली नोंद आणि तिच्यावरची तीन वाक्यं उद्या इथं टाकलीत तर बघू. टाकली नाहीत तरी चालेल.